खड्यांचा गोंद

पंचावन्नाव्या वर्षी मी एक लढाऊ विमान पाडलं. हसू नका — खरंच पाडलं. सचिन गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, रविवारी सकाळी, जमिनीवर उभी राहून. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, सुनेला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच.

विमान अडीच फुटांचं होतं. थर्माकोलचं, रिमोटवर उडणारं. केलं होतं आमच्या ह्यांनी.

हे म्हणजे बमरोलीच्या लूमखात्यातले, यंत्रमागाच्या कारखान्यातले, मास्टर. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचे. काम सुटलं आणि हातांना काही सुचेना — डब्यांची झाकणं दुरुस्त करून झाली, माझी चांगली चालणारी शिलाई मशीनसुद्धा दुरुस्त करून झाली. मग एक दिवस मोबाइलवर कुणीतरी असलं विमान उडवताना पाहिलं, आणि संपलं! लहानपणी सटाण्याकडे गुरं राखताना ह्यांच्या डोक्यावरून मिग विमानं जायची. ‘आधी विमान जातं, आवाज मागून येतो’ — हे मी लग्नापासून किती वेळा ऐकलं असेल? तेच मिग करायचं ठरलं.

चार महिने घरात पांढरा भुगा. कागदावर नकाशे, ब्लेड, फूटपट्टी, शेपटीच्या पट्ट्या हलवायला आगपेटीएवढ्या मोटारी. दोन बोटांवर विमान तोलून धरायचे आणि श्वास रोखायचे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत इतका श्वास रोखला नव्हता हो त्या माणसानं!

आणि मी काय करत होते? टोमणे मारत होते, दुसरं काय.

“ह्याच्यात बसून भाजी आणणार का?”

“तू बस ना मांगे,” हे म्हणायचे, “पिशवी धरीसन.” मान वर न करता. ते मान वर न करणंच मला — जाऊ द्या. नाही, जाऊ कशाला द्या? सांगायलाच तर बसलेय. मला राग यायचा. पंचावन्न वर्षांची बाई, आणि थर्माकोलवर जळायची. अक्कल यायचं वय कधीच उलटलं होतं, अक्कल मात्र अजून वाटेतच होती.

मी तेव्हा घरी साड्यांना खडे लावायची. मार्केटमधून साड्यांचं गाठोडं यायचं. मी पलंगावर पसरून बसायची, सुईसारख्या तोंडाच्या बाटलीतून गोंदाचा थेंब टाकायचा, वर खडा. पलंग माझ्या कामाचा. त्या शनिवारी दुपारी पाहते तर पलंगावर पंख वाळत घातलेला. हे बाहेर गेलेले. मी गाठोडं पलंगावर टाकलं. टाकलं — ठेवलं नाही. पंख दिसत नव्हता का मला? दिसत होता.

‘कट’ असा आवाज झाला. पंखाच्या मुळाशी बोटभर भेग.

मग घाबरले. ह्यांनी दहादा सांगितलं होतं, थर्माकोलचा गोंद वेगळा असतो, रात्रभर वाळवावा लागतो. पण मी कोण? सगळ्या गल्लीत माझ्या खड्यांसारखे खडे कुणाचे नव्हते! माझीच बाटली घेतली आणि भेगेत सोडली, चांगली पोटभर. आतून चुर्र असा बारीक आवाज आला. वाटलं, पकडतोय. वरून ह्यांचीच चंदेरी चिकटपट्टी लावली, इतकी सफाईनं की मलाच माझं कौतुक वाटलं.

पकडत नव्हता तो. आतला थर्माकोल खात होता.

रविवारी खात्यातले चार जुने सोबती आले होते. एकानं धावत जाऊन विमान वर फेकलं. आणि ते उडालं! झाडांवरून वळून परत आलं, आमच्या डोक्यावरून गेलं. ह्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या फेरीला पंख मिटला — छत्री मिटावी तसा.

सोबती हसले. “मास्टर, लूमच बरं होतं बघा!” हे तुकडे गोळा करायला धावले. मी त्यांच्या आधी धावले. हे मात्र चुकून झालं नाही. पंखाचं मूळ मला सापडलं, आतून कुरतडल्यासारखं पोकळ. ते मी पिशवीत घातलं, डब्याखाली. दुसऱ्या दिवशी खाडीत टाकलं. हे दोन दिवस तो एकच तुकडा शोधत होते. “तो मिळता तर चूक समजती,” म्हणत होते. मी पोळ्या लाटत होते.

तुकडा मिळाला नाही, तेव्हा चूक त्यांनी स्वतःच्या हातांत शोधली. “मना हातले आते माप समजत नही,” म्हणाले. रिमोट, मोटारी, ब्लेडसुद्धा देऊन टाकलं कुणाला तरी. त्यानंतर दहा वर्षं घरात काही बिघडलं की बाहेरून माणूस बोलवायचे. आवाजावरून माग ओळखणारा माणूस, नळाचा वॉशर बदलायला दुसऱ्याला बोलवायचा, आणि मी त्या दुसऱ्याला चहा द्यायची.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. विमान कधीच निघून गेलंय. हा आवाज आता येतोय.

पण एक राहिलं. विमान पडलं त्याच आठवड्यातली गोष्ट. मी खडे लावत होते. हे पलंगाच्या कडेला येऊन बसले, वाळलेली साडी मांडीवर घेतली, एका खड्याला नखानं टोकरून पाहिलं. खडा हलला नाही. दुसरा टोकरला. तोही नाही. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत, अगदी मनापासून म्हणाले,

“मी तुनाच गोंद लावाले पाहिजे व्हता. तुना खडा कधी निंघस का?”