सारखे दिसणारे छर्रे

ही गोष्ट मी कुणाजवळच बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला सांगते. पण कुठून सुरू करू?

आम्ही आटपाडीकडचे. जयपुरात ह्यांचं सोनं गाळण्याचं काम. आदर्श नगरात आमच्या खालीच एक मराठी प्राध्यापकबाई राहायच्या. त्यांच्याकडे वडिलांची जुनी विलायती सायकल होती. पेडल खडखडायचं. माझ्या शीतलला — ती तेव्हा दहावीत — त्यांनी दुरुस्तीला हाताशी घेतलं. पेडलच्या आत बारीक लोखंडी छर्रे असतात. केसभर मोठे असले तर अडकतं, लहान असले तर डुलतं. नेमके मिळेनात. मग दोघी दर रविवारी दुकानं धुंडाळायच्या, पार मुरलीपुऱ्यापर्यंत. घरी आली की पोरीच्या तोंडी एकच — काकू असं म्हणाल्या, काकू तसं म्हणाल्या. एकदा मी विचारलं, एवढं काय असतं गं त्यात?

"आई, मतलब... तुला नाही समजणार."

खरंच होतं. मी चौथी शिकलेली. पण मुलगी माझी ना? मग हसायची ती खाली, आणि माझ्याकडे फक्त जेवायला यायची?

शेवटी नेमके छर्रे मिळाले. शीतलनं पुडी बांधून फळीवर ठेवली. आधीचे, न बसलेले, डबीत पडून होते. दिसायला सारखेच. ती आंघोळीला गेली तेव्हा मी — मी पुडी सोडली. तीन-चार बदलले. पुडी होती तशी बांधून ठेवली.

दुपारी तिनं ते बसवले. पेडल अडखळायला लागलं. ती आणखी घट्ट करायला गेली, तशी छर्रे बसतात ती आतली वाटी तडकली. तसलं पेडल आता कुठं मिळायचं? बाई रागावल्या नाहीत. "असू दे गं. पण एकेक मापून घ्यायचा होतास." मापले होते काकू, असं ती म्हणत राहिली.

वर येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. किती दिवसांनी आली होती अशी. मी तिच्या केसांतून हात फिरवला — आणि मला बरं वाटलं. वाईट नाही. बरं.

ती पुन्हा खाली गेली नाही. मशिनींचं शिकायचं म्हणायची, ते नावही काढलं नाही. आता लग्न होऊन प्रताप नगरात असते. परवा गेले तर कुकरच्या दांड्याचा स्क्रू निघालेला. म्हटलं, बसव की तूच.

"नको आई, माझ्या हाताला ते जमत नाही. तुला माहितीये ना."

मी हो म्हणाले.