सुईअण्णांकडची निरांत

सुईअण्णा पहिल्या दिवशी सुई टोचत नसत. हे आधी कोणी सांगितलं नसेल तर माणूस चिडायचा. मीही चिडले होते. अर्धशिशीनं डोकं फुटायची वेळ आली होती, मांडवीच्या गर्दीतून रिक्षानं कशीबशी पोचले होते, आणि हे गृहस्थ माझं मनगट धरून विचारत होते, "बाई, पहाटे जाग आली की पहिलं काय मनात येतं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय, मनात काय येणार?" तर म्हणाले, "येतं. निरांते आठवा. मला कुठे जायचं नाहीये."

'निरांते' हा त्यांचा लाडका शब्द. आहे गुजराती, पण असे शब्द आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांच्या जिभेवर इतके मुरलेत की पुण्याचा पाहुणा हसला तरच ध्यानात येतात. निरांते म्हणजे सावकाश, निवांतपणे. अण्णांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ 'एवढ्यात जाऊ नका' असाही असायचा.

नाडी झाली की जीभ. चाळिशी पार केलेल्या बाईला परक्या पुरुषासमोर जीभ काढायची म्हणजे कानकोंडं व्हायला होतं. मी ओठ मिटून बसले. "काढा, बाई. जन्मभर पोरांना दटावलंत, आता तुमची पाळी," ते म्हणाले. मी गणिताची शिक्षिका, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. पहिल्या भेटीत त्यांना माझी झोप, भूक, घाम, नोकरी सगळं कळलं, आणि घरी मी एकटीच असते हेही. इतकं तर माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी विचारलं नव्हतं.

ते रेल्वेत होते. कामानिमित्त काही वर्षं कलकत्त्याला राहिले, तिथे एका चिनी वैद्याकडे ही विद्या शिकले आणि निवृत्तीनंतर राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दोन खाटा टाकून बसले. सुई शिरताना मुंगी चावल्यासारखं वाटे, मग ती जागा जड होई, आणि मग खरोखर झोप यायची. पण झोपू कोण देतो! सुया लावून झाल्या की अण्णा उशाशी स्टूल ओढून बसत आणि गप्पा सुरू करत. "सुया लावलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नसतं, आमच्या गुरूंची आज्ञा आहे," असं म्हणत. शेजारच्या खाटेवरचा गुजराती पेशंट अजून किती वेळ म्हणून कळवळून विचारायचा, "दादा, हजी केटली वार?" अण्णा म्हणायचे, "हमणां, हमणां." ते 'आत्ता' काही लवकर यायचं नाही. बोलणं संपल्याशिवाय सुया निघत नसत. त्यांच्या घरच्या काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात होता. एकटं कोणाला ठेवायचं नाही, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुरकुरत का होईना, पडून राहायचो.

काढ्याचीही तीच तऱ्हा. गुळवेल, सुंठ, ज्येष्ठमध आणि आणखी काय काय कागदाच्या पुडीत बांधून देत. घरी तो मंद आचेवर आटवायचा आणि आटेपर्यंत गॅसपाशीच उभं राहायचं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तेवढ्यात कपडे वाळत घातले तर?" ते गंभीरपणे म्हणाले, "मग तो कपड्यांना लागू पडेल." मी उभी राहायला लागले. माझी अर्धशिशी कशानं कमी झाली, सुईनं, काढ्यानं की त्या उभं राहण्यानं, मला सांगता येणार नाही. पण कमी झाली. तरी मी निवृत्तीनंतरही दर गुरुवारी जात राहिले.

मुलगा मागे लागला होता. आता वय झालं, लोकांना सुया टोचणं बंद करा, इकडे या. अण्णा त्याला सांगत, "ज्या दिवशी हात चुकेल त्या दिवशी बंद." हात चुकत नव्हता. म्हातारपण होतं, पण बोटं अजून स्थिर होती. त्यांनी ती खोली सोडू नये असं मला फार वाटे, आणि त्यात माझाही स्वार्थ होताच.

त्या गुरुवारी ते माझ्या सुया काढत होते आणि मुलाचा फोन आला. एरवी रविवारीच यायचा. अण्णांचा चेहरा असा उजळला की मीच हातानं खूण केली, बोला तुम्ही. घाईघाईनं उरलेल्या सुया काढून ते फोन घेऊन आत गेले. मी चपला घातल्या, खंडेराव मार्केटात गेले, वांगी घेतली, मेथी घेतली, घासाघीस केली. भाजीवाला माझ्या डोक्याकडे सारखा बघत होता. मला वाटलं, पांढरे केस बघतोय. घरी येऊन स्वयंपाक केला, जेवले. अंबाडा सोडायला आरशासमोर उभी राहिले, तेव्हा दिसलं, टाळूवर सुई तशीच.

आधी मी खदखदून हसले. एवढ्या बाजारातून मी शिंग मिरवल्यासारखी फिरले होते! मग हसू थांबलं. घरात कोणी असतं तर दारातच म्हणालं असतं, "अगं, डोक्यात हे काय?" सुई मी हळूच काढली. दुखलं नाही, रक्तही नाही. ठरवून टाकलं की अण्णांना सांगायचं नाही.

सकाळी दाराची बेल वाजली. अण्णा. इतक्या वर्षांत ते कधी घरी आले नव्हते. तीन मजले चढून धापा टाकत होते. खुर्चीवर टेकायच्या आधी म्हणाले, "सुयांची फोडलेली पाकिटं आणि वाटीतल्या सुया जुळत नाहीत. कुठे राहिली?"

"काय राहिलं?" मी म्हटलं.

"बाई, खोटं बोलायचं वय गेलं तुमचं. दाखवा."

मी सुई आणून दिली. ती त्यांनी हातात धरली. "दुखलं?"

"नाही हो. कळलंसुद्धा नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"कोणाला दिसली नाही?"

"कोणाला दिसणार, अण्णा?"

मी चहा ठेवला, तो निवला. मग ते म्हणाले, "चुकणार हे ठाऊक होतं मला. वाटायचं, चुकलो तर घरचं कोणीतरी बघेल, धावत येईल, मला शिव्या देईल. पण आता माझ्याकडे येणारी सगळी तुमच्यासारखी आहेत. बघणारं कोणी नसलेली." ते उठले. "अशा माणसांवर नाही चुकायचं. बंद."

मी फार विनवलं. गणितं मांडून दाखवली, एका चुकीनं काय होतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि जिना उतरले. पुढच्या महिन्यात मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, पण नाडीवर बोट ठेवलं नाही.

अजून कधीकधी डोकं दुखतं. मी गोळी घेते, आणि ते थांबतं. गुरुवारची सगळी दुपार मग तशीच शिल्लक राहते.