तुमच्या गावात एकच शीर आहे का?

वसतिगृहाच्या गच्चीवर माझ्या खोलीतली सुनंदा ओली चादर पिळत होती. तिच्या हातावर निळ्या रेघा फुगल्या आणि मनगटाशी दोऱ्या ताणून वर आल्या. आमच्याकडे या सगळ्याला शीरच म्हणतात. इथं नर्सिंगच्या वर्गात मात्र रक्त परत नेते ती नीला, स्नायू हाडाला बांधते ती कंडरा, आणि जिच्यामुळे मुंग्या येतात ती चेता. वैताग नुसता!

काल तोंडी परीक्षेच्या सरावात मी पुन्हा "शीर" म्हणाले. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, तुमच्या गावात एकच शीर आहे का?" वर्ग खो खो हसला. शाळा अर्ध्यावर सुटलेली मी, बाहेरून परीक्षा देऊन इतक्या लांब आले ती याच मॅडमच्या आधारावर, म्हणून वहीत पुन्हा नीला, कंडरा, चेता लिहून काढलं. पण सोमवारी खरी परीक्षा आहे. नापास झाले, तर हेही अर्ध्यावरच सुटायचं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "पोटरीत शीर चढलीय गं, पाय टेकवत नाही."

"आई, शीर म्हणजे नक्की कोणती?"

"दुखते ती!" आई खेकसली.