बॅटरीवरचं कुंकू

आईला वर्षभरापासून ऑक्सिजन लागतो. पवनीच्या घरी तिचं मोठं मशीन आहे, पण ते विजेवर चालतं. वीज गेली की तिला धाप लागते. म्हणून पुण्यातल्या धाकट्या भावाने बॅटरीवर चालणारं लहान मशीन घेतलं. एक बॅटरी दोन तास चालते. आमच्याकडे दुपारी वीज जाते ती अडीच-तीन तास. म्हणून बॅटऱ्या दोन. मी आणि बायको ते आणायला गेलो. आईजवळ तेवढे तीन दिवस दिघोरीची बहीण येऊन राहिली.

विमानाचे नियम मी आधीच वाचले होते. अशी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यायची, आणि शंभर वॅट-अवरच्या वर असेल तर वेगळी परवानगी. बॅटरीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवर. गुणाकार ९७.९२. मी तो तीनदा केला. बॅगही काट्यावर ठेवली, सहा किलो चारशे. सातपर्यंत चालते.

निघायच्या सकाळी भावाच्या बायकोने नव्या मशीनच्या पूजेचं ताट आणलं. घरातला मोठा म्हणून स्वस्तिक मी काढायचं. मशीनला सगळीकडे जाळी आणि बटणं. सपाट जागा म्हणजे बॅटरीवरची चिठ्ठी. तिथे तुपात कालवलेल्या कुंकवाने, चारही हात सारखे येतील असं बघून, स्वस्तिक काढलं. दुसऱ्या बॅटरीला बायकोने कोपऱ्यात नुसता टिका लावला.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून बॅग बाजूला निघाली. जवानाने दोन्ही बॅटऱ्या हातात घेतल्या.

"इस पे कितना लिखा है?"

मी सत्त्याण्णव पॉइंट ब्याण्णव सांगितलं. त्याला ते माझ्या तोंडून नको होतं, बॅटरीवर पाहिजे होतं. आकडा स्वस्तिकाखाली गेला होता. मी रुमाल ओला करून पुसायला लागलो. तूप कागदात मुरलं होतं. कुंकवाबरोबर छपाईही निघाली.

"अजी, पुसून काहून राहिले? होतं तेही गेलं ना!" बायको म्हणाली. "मापून मापून काढलं स्वस्तिक. जागा तेवढी नाही पाहिली."

मी माहितीपुस्तक उघडून दाखवलं. जवानाने साहेबांना बोलावलं. साहेबांनी आस्थेने आईची चौकशी केली, पुस्तक वाचलं आणि मान हलवली. आकडा बॅटरीवरच दिसला पाहिजे. टिक्याची बॅटरी आणि मशीन न्या, दुसरी घरच्या कुणाला परत द्या. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

"रेल्वेनं जाऊ का जी? दोन्ही नेता येतीन," बायकोने विचारलं.

रेल्वेने दुसरा दिवस उजाडला असता, आणि बहिणीला सकाळीच दिघोरीला परतायचं होतं. तिच्या शेतात धानाची रोवणी होती. आईला एकटं ठेवून दोन बॅटऱ्या आणायच्या, की एक घेऊन वेळेवर पोचायचं? मी एक घेतली. आम्हाला सोडून निघालेला भाऊ अर्ध्या रस्त्यातून परत आला आणि दुसरी घेऊन गेला. नागपूरला उतरून आम्ही दोघं पवनीला आलो. थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक दहाला वीज गेली. मी मशीन सुरू केलं, नळी आईच्या नाकाला लावली. ती शांत पडून राहिली. वीस मिनिटांनी तिने डोळे उघडले.

"किती चालते हे?"

"दोन तास."

"अन् लाइन कधी येते?"

मी घड्याळाकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"मंग बंद कर ना बापा आता," आई म्हणाली. "सध्या बरी आहो मी. लागलं त सांगीन."

मी बंद केलं नाही. तिने स्वतःच नळी काढून उशाशी ठेवली. तेव्हा मला बटण दाबावं लागलं. मग मी तिच्या खाटेजवळ बसून तिचे श्वास मोजू लागलो. मिनिटाला अठ्ठावीस. थोड्या वेळाने तीस.