दगडोबामामा आणि एकसष्ट हरकती

दगडोबामामांना पोहायला शिकवायची एकच रीत ठाऊक होती, आणि तिच्यापुढं गावातल्या सगळ्या आयांनी हात टेकले होते. चार दिवस पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा. पाचव्या दिवशी, पोरगं हातपाय मारण्यात गुंग असताना, डब्याची दोरी गुपचूप सोडायची. पोरगं खाली जायचं, दोन घोट पाणी प्यायचं, आणि मग मामा त्याला केसांना धरून वर काढायचे. "गेली का भीती?" असं वर विचारायचे. पोरगं बोंबलत घरी जायचं आणि सहाव्या दिवशी डब्याशिवाय पोहायचं. शिक्रापूर, तळेगाव, केंदूर मिळून अशी किती पोरं तयार झाली, याची नोंद मामांनी कधी ठेवली नाही. तिथंच त्यांचं चुकलं, असं आता सगळे म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

बाग आणि तलाव बांधला हौसराव आबांनी, शहाऐंशी साली. आबांचा धाकटा मुलगा विहिरीत पोहायला गेला तो वर आलाच नाही. वर्षभर आबा कुणाशी बोलले नाहीत, आणि मग एक दिवस उठून रस्त्याकडेची तीन एकर जमीन त्यांनी संस्था काढून तिला देऊन टाकली. मेंदीचं कुंपण झालं, बकुळीची झाडं लागली, घसरगुंडी आली, आणि मधोमध निळ्या फरशीचा, तळ दिसेल असा तलाव. भीमेच्या पुरात उडी टाकणारा एक पोरगा तळेगावच्या माळ्यांच्यात होता. आबांनी त्याला बोलावून घेतलं, झाडंही त्याच्याकडं दिली आणि पोरंही. तो दगडोबा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. आता अडुसष्टचा आहे.

गुरुवारची दुपार पोरींची असायची. त्या काळी पोरीनं पोहणं म्हणजे काहीतरीच! पण आबांनी ठरवलं आणि मामांच्या बायकोनं, धुरपदाबाईंनी, ते निभावलं. बाई हातात निरगुडीचा फोक घेऊन फाटकात बसायच्या आणि आत डोकावणाऱ्या कार्ट्यांच्या पोटऱ्या लाल करायच्या. पंजाबी ड्रेस घालून पोरी पाण्यात पडायच्या, ओढण्या बकुळीवर वाळत असायच्या. आज त्यातल्या कितीतरी जणी आज्या झाल्यात आणि गुडघे दुखतात म्हणून रडतात, पण तलावाचं नाव काढलं की त्यांचे डोळे चमकतात.

आबा गेले. गावाचं शहरही झालं नाही आणि गावही राहिलं नाही. रस्त्यावर ट्रकांची रांग, दर मोकळ्या जागेवर भाड्याच्या खोल्या, खोल्यांत कंपन्यांतले कामगार. बागेत पोरं अजून येतात, फक्त ती आता हिंदी बोलतात आणि मामांना 'चाचा' म्हणतात. घसरगुंडी मोडली, फरशा निघाल्या, तरी बोअरच्या पाण्यावर मामांनी तलाव भरता ठेवला होता.

मागच्या उन्हाळ्यात त्या कामगारांची दोन पोरं डबरखाणीत साचलेल्या पाण्यात बुडून मेली. आदल्या दिवशी तीच पोरं बागेच्या फाटकाशी आली होती. तलाव धुवायला काढलेला, म्हणून मामांनीच त्यांना "परसों आना" म्हणून परत पाठवलं होतं. दोघांना खाणीतून काढून आणलं तेव्हा मामांनी त्यांना चेहऱ्यावरून ओळखलं. त्यानंतर मामांनी एक दिवसही तलाव बंद ठेवला नाही. धुवायचा झाला तर पहाटे तीनला उठून धुवायचे. ताप असला तरी काठावर खुर्ची टाकून बसायचे. धुरपदाबाई वैतागायच्या, पण त्यांनाही कळत होतं. म्हाताऱ्याच्या काळजात काय रुतलंय, ते आणखी कुणाला कळणार?

अशात संस्थेनं पेपरात नोटीस दिली. आबांचा नातू इंद्रजीत आता अध्यक्ष. जागा मंगल कार्यालयासाठी विकायची, सबब कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. चौकशीसाठी पुण्याहून धर्मादाय कार्यालयाचे साहेब येणार होते. मामांना नोटीस वाचून दाखवली ती सुलक्षणानं. ही मूळची तळेगावची, गुरुवारच्या पोरींतली, दौंडला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. ती तडक एसटीनं आली आणि मामांसमोर फतकल मारून बसली.

"मामा, काळजी करू नका. अख्खा गाव लिहून देईल. प्रत्येकाची काही ना काही आठवण हाय हितली."

"आठवणीनं हुतंय व्हय काम?"

"तर! साहेब बी माणूसच असंल ना?"

तिनं फोनवर ग्रुप काढला आणि मग जो पूर आला तो काही विचारू नका. पुण्यातून, मुंबईतून, एक तर थेट दुबईहून. लोकांनी पानंच्या पानं लिहिली. सुलक्षणानं सगळ्यांकडून सह्या करून घेतल्या, कागदाला कागद लावून गठ्ठा केला. एकसष्ट हरकती! तिनं एकेक वाचून दाखवली तेव्हा मामा आणि धुरपदाबाई दोघंही ऐकता ऐकता रडले. चाळीस वर्षांत कुणी तोंडावर बरं बोललं नव्हतं, आणि आता सगळे एकदम बोलत होते. तिघांपैकी एकालाही त्या गठ्ठ्यात काय भरलंय ते दिसलं नाही. प्रेमानं माणूस असा आंधळा होतो.

सुनावणी बागेतल्याच हॉलमध्ये होती. साहेब शांत, चष्म्याआडून नीट वाचणारे. वीस-पंचवीस हरकतदार खुर्च्यांवर, मामा पुढच्या रांगेत धुवट टोपी घालून. एका बाजूला इंद्रजीत आणि त्याचे वकील. साहेबांनी गठ्ठा उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'मी आठ वर्षांचा असताना या तलावात बुडत होतो. दगडोबामामांनी मला केसांना धरून बाहेर काढलं, म्हणून मी आज जिवंत आहे.'" पान उलटलं. "'त्या दिवशी मामा नसते तर मी मेले असते.'" पान उलटलं. "'माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, मामा देवासारखे आले.'"

लोक कौतुकानं एकमेकांकडं बघत होते. साहेब वाचत राहिले, आणि हळूहळू हॉलमधलं हसू विरलं.

साहेबांनी चष्मा काढला. "एकसष्टपैकी अठ्ठावन्न लोक म्हणतात, आम्ही इथे बुडत होतो. संस्थेकडे यातल्या एकाही घटनेची नोंद आहे?"

"नाही साहेब," वकील म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "तलाव धोकादायक आहे हे सिद्ध करायला आम्ही तीन साक्षीदार आणले होते. आता त्यांची गरजच नाही. हरकतदारांनीच आमचं काम केलं."

सुलक्षणा ताडकन उठली. "साहेब, त्याचा अर्थ तसा न्हाई!"

"बसा बाई. आपण त्यांनाच विचारू." साहेब मामांकडं वळले. आवाजात आदर होता, ते नाकारता येणार नाही. "दगडोबा, तुम्ही सांगा. ही मुलं बुडत होती का?"

मामा उभे राहिले. डोळ्यांपुढं तलाव होता, आणि दुपारी चारला येणारी ती चाचा-चाचा करणारी पोरं.

"न्हाई साहेब. कुणी बुडत नव्हतं. मीच डबा सोडायचो. शिकवायची रीतच हाय ती. दोन घोट प्यायलं की भीती जाती."

"म्हणजे लहान मुलांना जाणूनबुजून खोल पाण्यात बुडवायचात?" वकिलांनी विचारलं.

"बुडवायचो न्हाई हो! सोडायचो."

"आणि एखादं वर आलं नसतं तर?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं. जिकडं बोलावं तिकडं खड्डा. चाळीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, पण कोरड्या हॉलमध्ये त्याला श्वास पुरेना. तलाव वाचवायचा तर एकच वाट दिसत होती, आणि ते तिच्यावर धावत सुटले.

"सोडायचो बी न्हाई. तसलं काय झालंच न्हाई साहेब. लोकं मायेनं वाढवून लिहित्यात. खोटं हाय ते सगळं. मी कुणाला काढलं न्हाई, कुणाला वाचवलं न्हाई. तलाव लई चांगला हाय. कवाच कुणी बुडालं न्हाई हितं."

"सगळं खोटं?"

"सगळं."

साहेबांनी सावकाश लिहून घेतलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. हरकतदारांनी केलेली विधानं खोटी असल्याचं स्वतः दगडोबांनी सांगितलं. खरी असती तर तलाव मुलांच्या जिवाला धोका ठरला असता. खोटी असल्यानं हरकतींना आधार उरत नाही. सबब हरकती फेटाळण्याची शिफारस. त्यांनी कागद पुढं सरकवला. मामांना अर्धंच कळलं होतं. साहेब बोट ठेवतील तिथं त्यांनी सही केली. इंद्रजीतनं येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा बाकीचं अर्धं कळलं.

लोक मुकाट्यानं बाहेर पडले. दुबईवाल्याचा भाऊ मामांच्या शेजारून गेला, पण त्यानं मान वर केली नाही. लोकांचा तरी काय दोष? जीव ओतून लिहिलं होतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्यानंच चारचौघांत खोटं पाडलं.

सुलक्षणा बकुळीखाली उभी होती. ती नऊ वर्षांची असताना गुरुवारी वरच्या पायरीवरून घसरली होती. डोकं कठड्यावर आपटून तळाशी गेली होती. तिला डबाबिबा काही बांधलेला नव्हता. मामांनी अंगातल्या कपड्यांनिशी उडी टाकली तेव्हा तिचे ओठ काळेनिळे झाले होते, आणि धुरपदाबाई फाटकात बसून मोठ्यानं देवाला हाका मारत होत्या. हे तिलाही माहीत होतं आणि मामांनाही.

"मामा," ती म्हणाली, "मग मला कुणी काढलं?"

मामा तिच्याजवळ आले. "बाय, मी तलावासाठी..."

"मला म्हाईत हाय कशासाठी. मी इचारतीय, मला कुणी काढलं?"

मामा वळले आणि पळत सुटले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, टोपी पडली तरी थांबला नाही. साहेबांची गाडी फाटकातून निघतच होती. मामांनी काचेवर हात मारला.

"साहेब, एक खरं हाय! तळेगावची सुलक्षणा. ती खरंच बुडाली हुती. म्या काढली तिला. तेवढी एक लिहून घ्या साहेब, तेवढी एकच!"

साहेबांनी काच खाली केली. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "दगडोबा, आता ते लिहिलं तर तलाव धोक्याचा आहे असंच लिहावं लागेल. लिहू?"

मामांना हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. ते काचेची कड धरून तसेच उभे राहिले. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. शेवटी ड्रायव्हरनंच हलक्या हातानं त्यांची बोटं सोडवली आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.