पायांकडे बघणारी

नेरच्या आठवडी बाजारात ती कारली विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता ती पायांकडे बघे, म्हणून मला ती लबाड वाटे.

त्या दिवशी भाव पाडता पाडता मी तिसऱ्यांदा पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"बाई, लय तहान लागते तुले. पोटुशी असताना शुगर होती काय?" तिने विचारलं.

"होती. बाळंत झाले आणि इन्सुलिन सुटलं. तुला काय करायचंय?"

"माही सुई बी सुटलती. दरसाली रक्त पाहा, असं मले कोणी सांगतलंच नाही." तिने दोन बोटं कापलेला पाय पुढे केला. "कारले नको नेऊ. आधी रक्त तपास."

हातचं गिऱ्हाईक सोडणारी बाई मी धंद्यात पाहिली नव्हती. हिला लॅबवाल्याचं कमिशन असणार! म्हणून मी मुद्दाम सरकारी दवाखान्यात गेले.

साखर चांगलीच वाढलेली निघाली. त्या बाळंतपणातली मुलगी आता नऊ वर्षांची आहे. मलाही घरी सोडताना कोणी काही बजावलं नव्हतं.

ती खोटी ठरली असती, तर बाजारात जाऊन तिला चार शब्द सुनावले असते. आता पुढच्या बाजारात जाऊन आधी तिचं नाव विचारणार आहे.