व्हय म्हाराजा, चॅनेल एक!

दुरुस्तीच्या दुकानात काय काय पडून राहतं ते विचारू नका. 'उद्या नेतंय' म्हणून सोडलेले मिक्सर, मालकच मुंबईला निघून गेलेले टेप, आणि किस्से. मिक्सर निदान भंगारात घालता येतात! मालवणच्या बाजारात माझं टीव्ही-रेडिओचं दुकान. त्यातले अर्धे किस्से एकट्या बापूंच्या घरातले, आणि तेही त्या मेल्या वायरलेस स्पीकरांपायी.

*

मोबाईल नुकते घरोघर आले होते तेव्हाची गोष्ट. बापूंच्या मुंबईच्या मुलाने फोन केला, "वायरलेस सिस्टीम पाठवतंय. प्लेअर पडवीत ठेवा, गाणी सगळ्या खोल्यांत!" लाईन खरखरत होती. बापूंना कळलं एवढंच, की काहीतरी वायरीला आलंय. वायरी म्हणजे मालवणला चिकटलेलं गाव. बापू रिक्षा करून गेले, अर्धी वायरी पालथी घातली आणि तापून माझ्या दुकानात आले. मुलाने माझ्या पत्त्यावर पाठवलेलं खोकं टेबलावरच!

"मगे तो वायरी कित्याक म्हणालो?"

"वायरी न्हय बापूनू, वायरलेस. ह्याका वायर नाय."

"वायर नाय? मगे वायर खंय ऱ्हवली? परत पाठव!"

*

बापूंच्या घरच्या काकी तर दारातच आडव्या आल्या. त्यांच्या माहितीत वायरलेस फक्त पोलिसांकडे!

"आमी काय केलां म्हणान पोलिसांचो वायरलेस घरात?"

शपथा घेतल्या तेव्हा कुठे आत सोडलं.

*

घर चिऱ्यांचं, भिंती हातभर जाड. पडवीतला आवाज स्वयंपाकघरात पोचेपर्यंत निम्मा मरायचा. मी म्हटलं, "काकी, रेंज कमी पडता." झालं! दुसऱ्या दिवशी स्पीकर विहिरीच्या काठावर!

"मोबाईलाक थंयच रेंज मिळता," काकी म्हणाल्या. "ह्याका कशी नाय मिळाची?"

आणि खरं सांगतो, तिथे आवाज खणखणीत येत होता. का, ते मला अजून कळलेलं नाही.

*

एकदा बापूंनी दशावतारी नाटकाची सीडी लावली. नेमकी शेवंता मासेवाली मागच्या दारी आली. आतून राक्षस गरजला, "कोण आहेस तू? का आलीस इथे?"

"मी गो, शेवंता! बांगडे हाडलंय!"

"तुझा काळ जवळ आला आहे!"

शेवंता पाटी घेऊन चालती झाली. नंतर काकींना म्हणाली, "नको तर नको सांगायचां. मरणावर कित्याक जावचां?"

*

आता तात्या. बापूंचा धाकटा भाऊ, घर मधल्या दगडी गडग्यापलीकडे. सामायिक विहिरीचा पंप कोणी किती वेळ चालवायचा, यावरून भावांचं बोलणं तुटलं. तात्याने पंपाच्या पेटीला कुलूप ठोकलं, चावी कमरेला, आणि चवथीला बापूंकडे यायचं बंद. गणपती दोघांचा मिळून एकच, तो बापूंकडे. काकी दर चवथीला मोदक वळताना डोळे पुसायच्या. बापू आरती झाल्यावर गडग्याकडे बघत उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही.

तर हा तात्या दुकानात हजर. "बापूक बसवलंस तां माकाय होया. पण एक स्पीकर जास्ती!"

दिला बसवून. चार दिवसांत तात्या परत, चेहरा लालबुंद. "तुझ्या स्पीकरात बापू खोकता!"

चूक माझी नव्हती, कंपनीतूनच सगळ्यांची बटणं चॅनेल एकवर. बापूंचा आवाज थेट तात्याच्या माजघरात! म्हटलं, "बटण दोनवर करा."

"मी कित्याक? त्येका करूक सांग!"

बापूंकडे गेलो. "मी थोरलो. त्येका करूक सांग!"

मी गडग्याच्या इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोक्याचा पार भुगा! शेवटी चवथीच्या आदल्या दिवशी, तात्या बाहेर गेलेला बघून, मीच त्याच्या सगळ्या स्पीकरांची बटणं दोनवर केली आणि सुटलो.

*

चवथीला नेहमीसारखं बापूंनी मलाही बोलावलं. घरात माणसं मावेनात, म्हणून बापूंनी गाऱ्हाणं माईकवर घातलं, प्लेअरला माईक लावून. देवाकडे एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाशी इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या घरादाराक सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

मग बापू थांबले.

"भावाभावात जां काय वाकडां झालां आसात, तां सरळ कर रे म्हाराजा!"

हुंकार द्यायचा सोडून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काकींनी पदर तोंडाला लावला.

आणि गडग्यापलीकडून एकच आवाज आला, मोठा, फाटलेला.

"व्हय म्हाराजा!"

मी चक्रावलो. चॅनेल दोनवर हे ऐकू गेलं कसं?

बापूंनी डोळे मिटले आणि माईक आणखी जवळ घेतला. "आणि तो येताना पंपाची चावी घेवन येवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला आवाज दारासमोरच्या खळ्यातून आला.

तात्या दारात उभा. हातात चावी, डोळे लाल. भावाकडे बघेना, देवाकडे बघेना. सरळ माझ्यावरच खेकसला,

"कसले स्पीकर दिलंस रे? बटाण सैल आसा! आपसूक एकावर येता!"